सिंकथिंग : ट्रेमधलं ॲप म्हणून चालवावं की सर्व्हिस म्हणून?

लाइट गेली, इन्व्हर्टरने हात टेकले, कॉम्प्युटर बंद पडला. तासाभराने लाइट आली आणि बायोसमध्ये सोय करून ठेवलेली असल्याने मशीन आपोआप चालूही झालं. पण ते लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डची वाट बघत उभं आहे. ऑफिसात कुणी नाही. घरी बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर, दोन यंत्रांवरचे फोल्डर जुळवणारं सिंकथिंग सांगतंय, ‘डिस्कनेक्टेड’. मशीन चालू, इंटरनेट चालू, तरी फाइल हलत नाही. सिंकथिंगविषयीच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असतं आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. ते कुणाच्या नावाने, कधी सुरू होतं, एवढाच तो प्रश्न आहे. म्हणून या परीक्षणात सिंकथिंगच्या गुणांपेक्षा ते चालवण्याच्या पद्धतींवर भर दिला आहे.

ओळखीपुरतं: सिंकथिंग २०१३ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, गो भाषेत लिहिलेलं आहे. दोन किंवा जास्त यंत्रांवरचे फोल्डर ते थेट एकमेकांशी जुळवतं. मध्ये कुठल्या कंपनीचं क्लाउड नसतं. दिसायला ते साधं ॲप वाटतं, पण मुळात तो सर्व्हर आहे. त्याला स्वतःची खिडकीच नाही. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर ८३८४ पोर्टला जे पान उघडतं, तेच त्याचं तोंड. दुसऱ्या यंत्रांशी बोलणं २२००० पोर्टवरून चालतं, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. घरच्या नेटवर्कवर एकमेकांना शोधण्यासाठी यूडीपी २१०२७. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

विंडोजवर मूळ झिप उतरवून एक्झी फाइलवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी येते आणि ब्राउझर उघडतो. ती काळी खिडकी म्हणजे कचरा समजून बंद केली की सिंकथिंगही बंद. उपाय सोपा आहे. एक्झीचा शॉर्टकट करा, त्याच्या टार्गेटमध्ये शेवटी दोन डॅश देऊन ‘नो-कन्सोल’ आणि तसंच ‘नो-ब्राउझर’ लिहा, आणि तो शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. एक्झी मात्र प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. सिंकथिंग स्वतःला अपडेट करतं तेव्हा ती फाइल बदलावी लागते, आणि साध्या युजरला त्या जागी लिहिता येत नाही. युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली बरी. घड्याळाशेजारी, म्हणजे ट्रेमध्ये, आयकॉन हवाच असेल तर सिंकट्रेझर आहे. त्याचा मूळ प्रकल्प थांबला असून दुसऱ्यांनी त्याची नवी आवृत्ती चालू ठेवली आहे, तेव्हा उतरवताना नवीच घ्या.

या डेस्कटॉप पद्धतीची बाजू लोक उगाच कमी लेखतात. सिंकथिंग तुमच्याच नावाने चालत असल्याने तुम्हाला जे फोल्डर दिसतात ते त्यालाही दिसतात. परवानग्यांची भानगड नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर विंडोज फायरवॉल स्वतःहून विचारतं, तुम्ही ‘अलाउ’ म्हणता आणि काम झालं. झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला ऑफिसचा शेअरही दिसतो, जरी अशा नेटवर्क ड्राइव्हवरचे बदल सिंकथिंगला लगेच कळतील याची खात्री धरू नये. ज्या लॅपटॉपवर एकच माणूस बसतो आणि तो उघडला की लॉगिन होतंच, तिथे सर्व्हिसच्या, म्हणजे लॉगिनशिवाय पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वाटेला जायचं कारण नाही. झाकण बंद करून झोपवलेल्या लॅपटॉपवर तसंही काहीच चालत नाही, सर्व्हिस असो वा ॲप.

कमी पडतं ते दोन ठिकाणी. एक, वर सांगितलेली लाइटीची गोष्ट, किंवा रात्री अपडेटनंतर विंडोज स्वतः रीस्टार्ट होतं तेव्हा. दोन, एकाच मशीनवर दोघंतिघं वेगवेगळ्या नावांनी बसतात तेव्हा. पहिल्याने लॉग आउट केलं की त्याचं सिंकथिंगही त्याच्यासोबत जातं.

यावर बहुतेकांना सर्व्हिस हाच एक उपाय माहीत असतो. आमच्या मते विंडोजवर त्याआधी टास्क शेड्युलर वापरून बघावा. विंडोजमध्ये तो आधीपासून आहे, बाहेरचं काही बसवावं लागत नाही. नवीन टास्क करा, ट्रिगर ‘ॲट स्टार्टअप’, आणि ‘रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडा. म्हणजे लॉगिन न होताही सिंकथिंग चालेल, आणि तुमच्याच नावाने चालेल. पण मूळच्या तीन खुणा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा’ ही खूण आधीच लावलेली असते. ती काढली नाही तर सोमवारी सुरू केलेलं सिंकथिंग गुरुवारी गुपचूप मरतं आणि कुणाला कळत नाही. लॅपटॉप असेल तर ‘फक्त चार्जर लावलेला असताना सुरू करा’ हीदेखील काढा, आणि तिच्या खालची, बॅटरीवर गेल्यास थांबवणारीही.

सेव्ह करताना विंडोज पासवर्ड विचारतं. इथे पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्या अनेकांना तो आठवतही नसतो, कारण वर्षभर चार आकड्यांवरच काम भागलेलं असतं. खात्याला पासवर्डच नसेल तर टास्क असा चालणारच नाही, कारण रिकाम्या पासवर्डाने पडद्यामागे लॉगिन करायला विंडोजची मूळ पॉलिसी मनाई करते. आणि पुढे कधी पासवर्ड बदललात तर टास्कमध्येही बदला.

आता सर्व्हिस. विंडोजवर कुठलाही साधा प्रोग्रॅम जसाच्या तसा सर्व्हिस होत नाही. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला ठरावीक उत्तरं देणारा मध्यस्थ लागतो. त्या कामासाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते एनएसएसएम. त्याची स्थिर आवृत्ती २.२४ ही २०१४ ची आहे. मात्र विंडोज १० आणि पुढे ती वापरू नका. त्यांच्याच डाउनलोडच्या पानावर २.२४-१०१ ही चाचणी आवृत्ती आहे, ती घ्या. जुनीने काही मशीनवर सर्व्हिस सुरूच होत नाही.

एनएसएसएमचं फॉर्म भरणं सोपं आहे आणि तिथेच माणूस फसतो. एक्झीचा पाथ दिला, नाव दिलं, इन्स्टॉल म्हटलं, झालं असं वाटतं. ‘लॉग ऑन’ नावाचा टॅब उघडायचा राहून जातो. तो न उघडल्यास सर्व्हिस ‘लोकल सिस्टम’ या खात्याने चालते, आणि मग काय होतं ते बघा. सिंकथिंग आपली सेटिंग चालवणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये ठेवतं. तुमच्या नावाने चालत होतं तेव्हा ती तुमच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरमध्ये होती. लोकल सिस्टमची प्रोफाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरच्या पोटात, कॉन्फिगच्या आत असते. तिथे सिंकथिंगला काहीच सापडत नाही, म्हणून ते नव्याने जन्म घेतं: नवं सर्टिफिकेट, नवा डिव्हाइस आयडी, एकही फोल्डर नाही. डिव्हाइस आयडी सर्टिफिकेटवरूनच निघतो, सात-सात अक्षरांचे आठ गट, एकूण ५६ अक्षरं. सर्टिफिकेट बदललं की बाकी यंत्रांच्या लेखी हा कुणी तिऱ्हाईत.

त्यात जुनं ट्रेमधलं सिंकथिंगही चालू असेल तर गोंधळ पुरा होतो. ८३८४ पोर्ट त्याने धरलेला, म्हणून नवजात सर्व्हिस आपलं पान दुसऱ्याच कुठल्यातरी मोकळ्या पोर्टवर उघडते. ब्राउझरमध्ये नेहमीचा पत्ता टाकला की जुनंच पान दिसतं, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि ट्रेमधलं बंद केल्यावर दोन्हीकडून बोंब. याच्या उलट, दोघांना एकच सेटिंग फोल्डर दिलं तर दुसरं सुरूच होत नाही. एक प्रत आधीच चालू आहे अशी नोंद लॉगमध्ये टाकून बंद पडतं. एनएसएसएम ते पुन्हा उठवतं, ते पुन्हा पडतं, आणि सर्व्हिसेसच्या यादीत ‘पॉझ्ड’ दिसत राहतं.

म्हणून ॲपवरून सर्व्हिसवर जाताना क्रम असा ठेवा. आधी सिंकथिंगच्या पानावर ‘ॲक्शन्स’मधून ‘शटडाउन’ करा आणि स्टार्टअपमधला शॉर्टकट काढून टाका. सेटिंगचं पूर्ण फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा. त्यात सर्ट आणि की या दोन पेम फाइली म्हणजे तुमची ओळख. मग एनएसएसएममध्ये आर्ग्युमेंट म्हणून ‘नो-ब्राउझर’, ‘नो-रीस्टार्ट’ आणि ‘होम’ द्या. होमपुढे त्या जुन्याच सेटिंग फोल्डरचा पूर्ण पाथ, अवतरणचिन्हांत. ‘लॉग ऑन’ टॅबमध्ये ‘धिस अकाउंट’ निवडून तुमचं खातं आणि पासवर्ड भरा. ‘शटडाउन’ टॅबमध्ये कंट्रोल-सीची मुदत १०,००० मिलिसेकंद करा. सिंकथिंगला डेटाबेस नीट मिटवायला वेळ लागतो, मूळची दीड सेकंदाची मुदत अपुरी आहे. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: तीच की फाइल दोन यंत्रांवर ठेवून दोन्ही एकाच वेळी चालवणं.

‘नो-रीस्टार्ट’ का? सिंकथिंग एकटं चालत नाही. एक राखणदार प्रोसेस असते आणि खरं काम करणारी दुसरी. काम करणारी पडली की राखणदार तिला उठवतो. सर्व्हिसमध्ये ते काम एनएसएसएमकडे आहे, तेव्हा दोन राखणदार कशाला. पण एनएसएसएम मुळात कशानेही बंद झालं तरी पुन्हा सुरू करतं. म्हणजे तुम्ही पानावरून ‘शटडाउन’ दाबलं तरी दोन क्षणांत ते परत हजर. सिंकथिंग बंद होताना कारणाचा आकडा देतं: ० म्हणजे सांगून बंद केलं, ३ म्हणजे रीस्टार्ट हवा, ४ म्हणजे अपडेट झालं. एनएसएसएमला ० वर थांबायला आणि ३, ४ वर पुन्हा सुरू करायला सांगावं. ते फॉर्ममधून होत नाही, कमांड लिहूनच करावं लागतं.

सर्व्हिसमध्ये आणखी एक गोष्ट नि:शब्द बिघडते. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या सेशनमध्ये चालतात, तिथून पडद्यावर काही दाखवता येत नाही. त्यामुळे फायरवॉलचा तो प्रश्नही येत नाही आणि बाहेरून येणारं कनेक्शन अडतं. तरी सिंक चालू राहतं, कारण सिंकथिंग मग रिलेमार्गे, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्गे, जातं, पण बैलगाडीच्या वेगाने. डिव्हाइसच्या नावाखाली ‘टीसीपी लॅन’ऐवजी ‘रिले वॅन’ दिसलं आणि दोन्ही मशीन एकाच खोलीत असतील, तर कारण हेच समजा. फायरवॉलमध्ये हाताने इनबाउंड नियम घाला, सिंकथिंगच्या एक्झीला धरून किंवा वरच्या पोर्टना धरून. झेड ड्राइव्हही सर्व्हिसला दिसत नाही, कारण ते अक्षर तुमच्या लॉगिनपुरतंच असतं.

एवढा खटाटोप नको असेल तर ‘सिंकथिंग विंडोज सेटअप’ नावाचा इन्स्टॉलर बरा. तो सुरुवातीलाच विचारतो, फक्त तुमच्यासाठी की सगळ्यांसाठी. ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हटलं की लॉगिनला सुरू होणारा टास्क बनवतो, ‘सगळ्यांसाठी’ म्हटलं की सर्व्हिस. सर्व्हिससाठी तो कमी अधिकारांचं वेगळं खातं वापरतो, ही त्यातली शहाणी गोष्ट. पण त्यामुळे तुमच्या फोल्डरवर त्या खात्याला ‘मॉडिफाय’ परवानगी द्यावी लागते, फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधून. न दिल्यास सिंकथिंग ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणत बसतं आणि दोष इन्स्टॉलरवर येतो. फोल्डर डी ड्राइव्हवर ‘हिशेब’ अशा स्वतंत्र जागी असेल तर हे दोन मिनिटांचं काम. सी ड्राइव्हवरच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असेल तर आधी बाहेर काढा, नाहीतर कुणाच्या खाजगी प्रोफाइलमध्ये दुसऱ्याला वाट करून देणं आलं.

लिनक्सवर हा सगळा प्रकार सुटसुटीत आहे. डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमध्ये सिस्टमडीसाठी (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) दोन तयार युनिट येतात. एक युजर युनिट, दुसरं सिस्टम युनिट ज्यात ॲटच्या चिन्हापुढे तुमचं युजरनाव लिहायचं. युजर युनिट लॉगिनला सुरू होतं आणि शेवटचं लॉग आउट झालं की थांबतं. जुन्या डेस्कटॉपला किंवा रास्पबेरी पायला सर्व्हर करून कपाटावर ठेवायचं असेल तर सिस्टम युनिट घ्या. ते मशीन चालू होताच उठतं आणि तरीही रूट म्हणून नाही, तुमच्याच नावाने चालतं. विंडोजवर जे एनएसएसएम घेऊन जुळवावं लागतं ते इथे एका ओळीत होतं. युजर युनिटच ठेवायचं असेल तर लॉगिनसीटीएलमधून ‘लिंगर’ चालू करा, म्हणजे लॉग आउटनंतरही ते टिकतं.

लिनक्सची खोड वेगळी आहे. फाइल बदलली हे लगेच कळण्यासाठी सिंकथिंग कर्नलच्या आयनोटिफायवर अवलंबून असतं, आणि जुन्या कर्नलमध्ये त्याची मर्यादा ८१९२ फोल्डरांची असते. वीस वर्षांचे फोटो टाकले की ती संपते. मग पानावर इशारा येतो आणि बदल फक्त तासाच्या पूर्ण तपासणीत पकडले जातात. मर्यादा २,०४,८०० केली की प्रश्न मिटतो. दुसरं, डेस्कटॉपवर लॉगिन केल्यावरच जोडली जाणारी बाहेरची डिस्क. सिस्टम युनिट तिच्या आधीच उठतं आणि फोल्डर रिकामा बघतं. इथे सिंकथिंगला मनापासून दाद द्यावीशी वाटते. प्रत्येक फोल्डरमध्ये ते एक लपलेली खूण ठेवतं, डॉट-एसटीफोल्डर नावाची. ती दिसली नाही तर ‘सगळं डिलीट झालं’ असा अर्थ न लावता ते फोल्डर थांबवून लाल अक्षरांत तक्रार करतं. ही तक्रार घालवण्यासाठी रिकाम्या जागी ती खूण हाताने तयार करणारे महाभाग असतात. त्यांच्या फाइली मग सगळ्या यंत्रांवरून पुसल्या जातात. डिस्क बूटलाच जोडली जाईल अशी नोंद एफएसटॅबमध्ये करणं हाच खरा उपाय.

मॅकवर मेनूबारमधलं ॲप किंवा होमब्रूची सर्व्हिस, दोन्ही चालतात. ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डेस्कटॉप’ सिंक करायचं असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये परवानगी लागते, आणि ॲपला ती देणं सोपं जातं. तिथे ॲपच घ्यावं.

आवृत्ती २ विषयी सावधगिरीचा शब्द. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती आली आणि आतला डेटाबेस एसक्यूलाइटवर गेला. पहिल्या सुरुवातीला जुना डेटाबेस बदलून घ्यायला वेळ लागतो, मोठ्या संग्रहाला बराच. सर्व्हिस अडकली असं वाटून मध्येच मारू नका. शिवाय या आवृत्तीत लांब ऑप्शनना एकच डॅश चालत नाही, दोन लागतात. जुन्या टास्कमध्ये किंवा एनएसएसएममध्ये एका डॅशने लिहिलेलं ‘होम’ असेल तर अपडेटनंतर सर्व्हिस उठणारच नाही. मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, बटण दाबावं लागतं. तेव्हा आधी डॅश मोजा, मग दाबा.

पासवर्डचं काय? ८३८४ चं पान फक्त त्याच मशीनवरून उघडतं म्हणून लोक पासवर्ड लावत नाहीत. पण सर्व्हिस चालू असताना त्या मशीनवर लॉगिन करणारा कुणीही ते पान उघडू शकतो आणि तुमचा फोल्डर आपल्या फोनशी जोडू शकतो. सामायिक मशीनवर पासवर्ड लावाच.

मराठी फाइलनावं वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खालचा नुक्ता असा जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं दिसतात. सिंकथिंग हे नाव स्वतः एका रूपात आणतं, विंडोज-लिनक्सवर जोडलेल्या आणि मॅकवर सुट्या. फोल्डरच्या प्रगत सेटिंगमधली ही ‘ऑटो नॉर्मलाइझ’ची खूण तशीच राहू द्या. दुसरी गोष्ट लांबीची. विंडोजवर नावात २५५ एकक चालतात (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक), लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टमवर २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ या एका शब्दाचे ३३ बाइट होतात. म्हणजे लिनक्सवर एकूण ८५ चिन्हं, बस. परिपत्रकाचा पूर्ण विषय फाइलनावात कोंबायची सवय असेल तर ती फाइल विंडोजवर सुखाने नांदेल आणि लिनक्सच्या सर्व्हरवर कधीच पोचणार नाही.

आणि टॅलीचा चालू डेटा फोल्डर सिंकथिंगला देऊ नका, कुठल्याच पद्धतीत. एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली सतत बदलत असतात, आणि सिंकथिंग त्या एकेक करून नेतं. टॅलीतून बॅकअप घ्या, तो फोल्डर द्या.

आमची निवड सांगायची तर एकट्याच्या लॅपटॉपवर स्टार्टअपचा शॉर्टकट किंवा सिंकट्रेझर, दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या विंडोज मशीनवर टास्क शेड्युलर, आणि सतत चालू ठेवायच्या डब्यावर लिनक्सचं सिस्टम युनिट. एनएसएसएम फक्त तिथे, जिथे सर्व्हिसेसच्या यादीतूनच सगळं सांभाळायची शिस्त आहे. काहीही निवडलं तरी तपासणी एकाच प्रकारे करा. मशीन रीस्टार्ट करा, लॉगिन करू नका, पाच मिनिटं थांबा आणि त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर बघा. ‘अप टु डेट’ आणि ‘टीसीपी लॅन’ दोन्ही दिसलं पाहिजे.